दिवसातला शेवटचा नंबर

उइटहॉर्न, नेदरलँड्स, मंगळवार संध्याकाळ

माझ्या सईला मेडिकलला नकार आला. मुलाखतीत तिचा नंबर दिवसातला सगळ्यात शेवटचा होता. समोरच्या बाईंनी तर घरी निघायला कोटसुद्धा चढवला होता म्हणे. कोट घालून बसलेलं माणूस कोणाचं ऐकतं का?

माझ्या मैत्रिणीच्या, मेधाच्या इराला सकाळचा पहिला नंबर मिळाला आणि तिची निवड झाली. मेधा पेढे घेऊन आली. वर म्हणते, "अगं, शेवटी गुणवत्ताच बघतात." ती जाताच पेढे कचऱ्यात टाकले. तो कोट डोळ्यांसमोरून हलत नाही.

नवरा म्हणाला, "वेळेचा काय संबंध?" त्याच्याशी बोलणंच बंद केलंय.

आणि सई? सायकल काढून इराचं अभिनंदन करायला गेली. आता तिचाही राग येतोय.