आमोण्याला दोन रविवार

८ जानेवारी, गुरुवार

प्रसाद डावा पडला.

तीनदा विचारलं. भटजींनी गाऱ्हाणं घातलं, "हिच्या छातीतली गाठ कापून काढायची म्हणतात. सुखरूप होणार असेल तर उजवी दे, नसेल तर डावी." ओल्या पाकळ्या देवीच्या अंगाला चिकटवलेल्या. आम्ही श्वास धरून. पहिली डावी. दुसरी डावी. तिसरी तर लावल्या लावल्या.

सासूबाईंनी डोळे पुसले. घरी आल्यावर ह्यांनी इस्पितळात फोन केला, सोमवारी ऑपरेशनला येत नाही म्हणून. पलीकडून कारण विचारलं. "घरात अडचण," एवढंच म्हणाले.

डॉ. बाईंचं वाक्य डोक्यातून जात नाही. सुईच्या तपासणीत संशय आहे, गाठ काढल्यावरच नक्की कळेल, उशीर करू नका.

रात्री भूक मात्र लागली. दोनदा भात घेतला.

९ जाने., शुक्रवार

शाळेत चौथीच्या शुभदाबाईंना सांगितलं. भटजी सोडले तर घराबाहेर हे ठाऊक असलेलं एकटंच माणूस. ऐकून घेतलं, चुकचुकल्या नाहीत. मग म्हणाल्या, "रविवारी माझ्याबरोबर आमोण्याला चल. आम्ही काही जण बसतो."

"महाराज कोण?"

"महाराज नाही."

"मग नाव कोणाचं घेता?"

"ज्याला ज्याचं घ्यायचं त्याचं. नाही घेतलं तरी चालतं."

नाव न घेता बसायचं म्हणजे काय? देवी आधीच नाही म्हणाली आहे. त्यात आणखी हे. शिवाय धर्म बदलायला लावणारे असले तर? सुरुवातीला सगळे गोडच बोलतात म्हणे.

हो म्हटलं. का, ते…

११ जाने., रविवार

घरी खोटं बोलले. स्नेहसंमेलनाची तयारी.

सकाळी शु.च्या स्कूटरवर मागे. आस्नोड्याच्या पुढे गेल्यावर ओढणी तोंडावर घेतली. शिरगाव सासूबाईंचं माहेर, त्यांचा भाचा नाक्यावर उभा असतोच. लईराईदेवीच्या देवळाच्या वाटेकडे चालत्या गाडीवरून हात जोडले. आई, रागावू नकोस, नुसती बघून येते.

आमोण्याला नदीकाठी बंद पडलेली भाताची गिरण. आत चटया. पंधरा-वीस माणसं. फोटो नाही, मूर्ती नाही, समई नाही. सवयीने चपला काढल्या, हात जोडले आणि मग कळेना की कोणाकडे तोंड करून. तसेच सोडले. कोणी बघितलं नसावं.

टोपलीभर पाव घेऊन आलेली रोझलिन. गळ्यात येशूचा खुरीस. तिच्या शेजारी कॉलेजात शिकवणारे एक सर, ते देव मानत नाहीत असं शु. सहज म्हणाल्या, जसं कोणी चहा घेत नाही असं सांगावं. म्हातारे तातू, दोडामार्गचे, पंचवीस वर्षं खाणीवर ट्रक चालवला. मला नाव विचारलं, गाव विचारलं. का आलीस ते कोणी विचारलं नाही. ते विचारतील म्हणून मी वाटेत उत्तर पाठ केलं होतं.

अर्धा तास गप्प बसायचं. मग ज्याला वाटेल त्याने बोलायचं. दुसऱ्याचं बोलणं खोडायचं नाही आणि न विचारता सल्ला द्यायचा नाही. नियम एवढाच.

मला पाच मिनिटंही जमलं नाही. डोळे मिटले आणि छाती धडधडायला लागली. स्तोत्र म्हणायला घेतलं मनात, तर दुसरी ओळ आठवेना. लहानपणापासून म्हणते ते! घाम. काहीतरी अगदी जवळ येऊन उभं आहे असं वाटलं. उठले, चटईला पाय अडकला, बाहेर पळाले.

नदीच्या पायरीवर बसले. थोड्या वेळाने तातू आले, दोन पायऱ्या सोडून बसले. "भियालस?"

"हो."

"मी चार रविवार भायरच बसलंय," म्हणाले. आणि विडी पेटवली. 

घरी येताना ठरवलं, परत जायचं नाही.

१२ जाने., सोमवार

आज ऑपरेशन झालं असतं. दिवसभर घड्याळ. अकरा वाजता फळ्यावर जोडाक्षरं लिहीत होते, हात थांबला. मुलं वाट बघत बसली.

१५ जाने., गुरुवार

काल संक्रांत. बायका वाण घ्यायला आल्या. सासूबाई प्रत्येकीला सांगत होत्या, "देवान नाका म्हटलां. आमी आयकलां." बायका माझ्याकडे बघून मान हलवत होत्या. एकीने माझ्या गालावरून हात फिरवला, मेलेल्या माणसावरून फिरवतात तसा.

गाठ मोठी झाल्यासारखी वाटते. आंघोळीच्या वेळी हात लावते, मग दिवसभर लावत नाही. ह्यांना सांगितलं नाही. हे रात्री कुशीवर वळून झोपतात, पण झोपत नाहीत, मला कळतं.

१८ जाने., रविवार

गेले.

ह्या वेळी पूर्ण अर्धा तास बसले. दाराजवळ, पळता यावं म्हणून. धडधड झालीच. स्तोत्र म्हणायला घेतलं नाही. आणि मग ते आलं जे गेल्या रविवारी जवळ येऊन उभं होतं.

लिहायला भीती वाटते. लिहिते.

पाकळी डावी पडली तेव्हा मला आनंद झाला होता. तिन्ही वेळा. आत कुठेतरी हुश्श झालं होतं. कापणार नाहीत, भूल देणार नाहीत, नंतर काय निघालं ते कोणी सांगणार नाही. दहा दिवस मी मनात सासूबाईंना बोल लावतेय, ह्यांना लावतेय, देवीलाही. आणि नको होतं ते मलाच.

बोलायची वेळ झाली तेव्हा तोंड उघडलं. हे नाही सांगितलं. गाठीचं आणि प्रसादाचं सांगितलं. खूप रडले. मग विचारलं, म्हणजे जवळजवळ ओरडलेच, "प्रसाद खरा असतो की खोटा? कोणीतरी सांगा ना!"

सरांकडे बघितलं. ते तर मानत नाहीत, ते तरी खोटा म्हणतील. ते म्हणाले, "मी मानत नाही. पण भीती तुमची आहे, माझं न मानणं तुमच्या काय कामाचं?"

मला राग आला. एवढ्या लांब ह्यासाठी आले?

मग तातू. खाली बघत, हळू. "माझ्या बायलेच्या पोटाच्या ऑपरेशनाक कौल लावललो. उजवो दिलो. हसत गेली ती. परत इली नाय. मगे मी धा वर्सां देवळाची पायरी चढाक नाय. आता चढतंय. कित्याक चढतंय ता माका म्हायत नाय, बाय. खोटा कशाक सांगू?"

उजवा पडूनसुद्धा! म्हणजे कशालाच धरता येत नाही. धरायला काही मिळेल म्हणून आले होते, आणि ह्यांनी होतं तेही…

रोझलिनने पावात भाजी घालून हातात दिली. "पयलीं खा," म्हणाली. तिने माझ्यासाठी प्रार्थना केली का, माहीत नाही. केली असेल तर सांगितलं नाही.

१९ जाने., सोमवार

मधल्या सुट्टीत डॉ. बाईंना फोन केला. स्वतः. २८ तारीख मिळाली, बुधवार, २७ला दाखल व्हायचं. "ह्या वेळी येणार ना?" म्हणाल्या. मी हो म्हटलं आणि बाकावर बसले. शु. पाणी घेऊन आल्या.

घरी कसं सांगू.

२१ जाने., बुधवार

सांगायची वेळच आली नाही. शिरगावच्या भाच्याने रविवारी गिरणीपाशी बघितलं होतं. आज येऊन सासूबाईंना सांगून गेला, तुमची सून खुरीसवाल्यांत बसते.

संध्याकाळी हे ओट्यावर उभे. "खोटं बोललीस?"

"हो."

"कोण ते लोक? काय करतात?"

"गप्प बसतात."

"गप्प बसायला आमोण्याला कशाला गेलीस? घरात जागा नव्हती?"

"घरात मला भीती वाटते," मी म्हटलं. असं म्हणायचं ठरवलं नव्हतं. सासूबाई आतून म्हणाल्या, "देवीक सोडलंस तूं." मी म्हटलं, "नाही सोडलं, आई. पण २८ला ऑपरेशनला जाते." त्या ताटावरून उठल्या. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा.

२३ जाने., शुक्रवार

आज हे परसात काजूच्या मोहोराकडे बघत उभे होते. म्हणाले, "पुन्हा प्रसाद लावूया. आता उजवा पडेल. मग आईचंही समाधान."

"डावा पडला तर?"

ह्यांनी खाली पडलेला मोहोर उचलला.

"मग पाठवाल मला?"

ह्यांनी तोंड फिरवलं. खांदे हलत होते. ह्यांना रडताना मी सासरे गेले तेव्हासुद्धा बघितलं नव्हतं. मला वाटत होतं हे देवीला घाबरतात. तसं नाही बहुतेक. मी हातची जाईन ह्याला घाबरतात ते.

पुन्हा लावायचा नाही असं ठरलं. म्हणजे मी म्हटलं, आणि ते नाही म्हणाले नाहीत.

२५ जाने., रविवार

आमोण्याला गेले नाही. शु.चा फोन आला, तातूंनी विचारलं म्हणे, ती बाय खंय? सकाळी देवळात गेले. पाकळ्या नाहीत, गाऱ्हाणं नाही. नुसती बसले देवीसमोर, गिरणीत बसतात तशी. काही ऐकू आलं नाही. भीती होतीच. देवीला सांगितलं, मला आनंद झाला होता ते. तिला ठाऊक असणार.

२७ जाने., मंगळवार

दाखल. निघताना सासूबाई खोलीतून बाहेर आल्या नाहीत. दार मात्र पूर्ण लावलेलं नव्हतं.

कागदावर ह्यांनी सही केली. सही नेहमीसारखी आली नाही, सिस्टरने दुसऱ्यांदा करायला लावली.

२८ जाने., बुधवार, सकाळ

पहिलाच नंबर माझा. बांगड्या काढून ह्यांच्या रुमालात बांधल्या. छाती धडधडते आहे, अगदी गिरणीत धडधडत होती तशी. ती थांबेल म्हणून वाट बघत होते. थांबत नाही. तसंच जावं लागणार.

सिस्टर ट्रॉली घेऊन आली आहे. म्हणते, सामान सगळं घरच्यांकडे द्या. ही वहीसुद्धा. हे हात पुढे करून उभे आहेत.

१८ तारखेला लिहिलं ते, आनंद झाल्याचं, ह्यांना अजून सांगितलेलं नाही. वाचू नका म्हणणार होते. म्हणत नाही.