चालू मशीनला नवी डिस्क

४ मार्च, सकाळी
ह्यांच्या मशीनची, म्हणजे कॉम्प्युटरची, डिस्क कुरकुरते. नवी आणली. दुकानदार म्हणाला, काकू, मशीन बंद करा, डिस्क जोडा, चालू करा, दोन मिनिटांचं काम. मी म्हटलं, ह्यांच्या मशीनवर विंडोज नाही, लिनक्स आहे, त्यात बंद न करताही जोडता येते, पुस्तकात आहे. तो म्हणाला, मग पुस्तकालाच बोलवा जोडायला.
बंद करायचं नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. दवाखान्यात जायच्या दिवशी ह्यांनी ते स्वतः चालू केलं आणि पडद्यावर पत्त्यांचा डाव अर्धा टाकून गेले, त्याचा इथे काही संबंध नाही.

५ मार्च
बाजूचं झाकण काढून वायर जोडली. मशीनच्या यादीत जुनी डिस्क एकटीच. मशीनला डिस्क पुन्हा शोधायला लावायची, म्हणजे स्कॅनची, कमांड म्हणजे नुसत्या तीन आडव्या रेघा टाइप करायच्या. चुकायला जागाच नाही.

७ मार्च
डिस्क जोडायच्या सहाही पोर्टवर स्कॅन. चहा. पुन्हा स्कॅन. काही नाही. मशीन हट्टी आहे, धन्याचा गुण.
जावईबापू फोनवर म्हणाले, आई, एकदा बंद करून बघा की. म्हटलं, तुमच्या घरचं बघा बंद करून. मागून लेक म्हणाली, अहो, तिला ते नका सांगू. एवढं काय त्यात, कळलं नाही.

१० मार्च, सकाळी
दुकानदाराने फोनवर विचारलं, नवी डिस्क हाताला थरथरते का? म्हटलं, थंडगार. तो म्हणाला, अहो काकू, तिला वीजच नाही! वायरी दोन लागतात, एक माहितीची, एक विजेची. पुस्तकात हे ठळक छापायला हवं होतं.

१० मार्च, दुपारी
विजेचं मोकळं टोक सापडेना. जुनीचं काढून नवीला लावलं, क्षणभरच. नवी लगेच गुणगुणायला लागली. म्हणजे माझं बरोबर होतं.
पडद्यावरचं घड्याळ मात्र थांबलं.

१२ मार्च
डाव दिसतो आहे. माऊस हलत नाही, पण डावाला मी तशीही हात लावत नाही. तेव्हा बिघडलेलं काही नाही.

१४ मार्च
लेक आली. तिला मोकळं टोक एका मिनिटात सापडलं. मग पडद्याकडे बघत म्हणाली, आई, हे कधीच बंद पडलंय गं. मी दाबू बटण? म्हटलं, नको. मीच दाबलं.
डाव गेला. मशीन सुरू झालं. यादीत दोन्ही डिस्क.
लेकीने विचारलं, जुनीवरचं नवीवर काय काय घेऊ? मला काही आठवेना.