पाहुण्यांच्या नळाचं पाणी

फर्गस,

कर्स्टीला घेऊन इनव्हर्नेसच्या हॉस्पिटलात निघालेय. पोरीला जुलाबातून रक्त पडतंय, सकाळपासून लघवीही नाही. तू मेंढ्यांमागे डोंगरावर, तिथं फोन लागत नाही, म्हणून हे लिहून ठेवतेय.

आपल्या नळाचं पाणी तोंडाला लावू नकोस. चहालासुद्धा पाहुण्यांच्या कॉटेजमधून आण. झरा एकच, पण जंतू मारणारा दिवा तू तिकडच्याच पाइपला बसवलास. पाहुण्यांना भाड्यानं देतो त्या घराचं पाणी काउन्सिलचा माणूस दरवर्षी तपासतो, आपलं कायद्यानं कोण तपासतंय, असं म्हणालास. "चार पिढ्या हेच पाणी पितायत, कोण मेलंय?" हेही तुझंच. मीही गप्प बसले.

झऱ्याच्या टाकीचं झाकण बघून ये. मेंढ्या परवा तिथंच बसल्या होत्या. सूप चांगलं उकळलंय, तेवढं खा.

इशबेलला फोन केला. लेकीचा पहिला प्रश्न, "आई, माझी पोर तुमच्याकडचं पाणी पितेय, ते तपासलेलं आहे ना?"

मी म्हटलं, दरवर्षी तपासतात. खोटं बोलले नाही.

ती थेट हॉस्पिटलात येतेय. तूही ये. कुठल्या नळाचं तपासतात, ते तिला तू सांगायचं.

ऊना