शून्य आले तर शून्य लिहिण्याबाबत

प्रति,
मा. उपअभियंता,
पाणीपुरवठा विभाग.

अर्जदार: टाकीपासून सर्वांत लांबच्या गल्लीतील शेवटच्या घराचा रहिवासी, सेवानिवृत्त पाणी-तपासनीस.

विषय: शेवटच्या नळापर्यंत क्लोरीन पोहोचविण्याबाबत व ते खरेच पोहोचले का हे पाहण्याबाबत.
संदर्भ: माझे तीन अर्ज, आपले तीनदा आलेले एकच उत्तर.

महोदय,

१. सविनय सादर करतो की, माझी चार वर्षांची नात दूषित पाण्याने जुलाब होऊन सहा दिवस सलाइनवर आहे. सोमवारी ती घरी येईल. पाणी उकळून देऊच. परंतु दात घासताना पोर थेट नळालाच तोंड लावते, तिला आपले 'पाणी उकळून प्या' हे परिपत्रक कोण वाचून दाखवणार?

२. पाण्यात तपासणीचे औषध टाकले की क्लोरीन असल्यास पिवळा रंग येतो. आमच्याकडे येत नाही. पाणी ढिम्म. आपण मात्र तिन्ही वेळा नमुना "समाधानकारक" असल्याचे कळविलेत. असणारच! तो टाकीखालच्या नळाचा आहे. ताप आमच्या घरात आणि थर्मामीटर शेजाऱ्याच्या काखेत, असा हा प्रकार.

३. तिसऱ्या अर्जानंतर आपण टाकीतली क्लोरीनची मात्रा दुप्पट केलीत, त्याबद्दल आभार. टाकीशेजारच्या शिंपीकाकांनी भिजत घातलेले निळे कापड पांढरे झाले. आमचे पाणी होते तसेच. जुन्या पाइपात आणि फुटक्या जोडांतच क्लोरीन खर्ची पडते, शेवटाला काय उरणार, कपाळ? तरी जोड दुरुस्त करावेत, लाइनच्या मध्यावर पुन्हा मात्रा द्यावी आणि टोकाचा व्हॉल्व्ह उघडून साचलेले पाणी सोडून द्यावे.

४. नमुने टाकीखालीच का घेतात, हे आपला तपासनीस सांगणार नाही, मी सांगतो. तिथे पहारेकऱ्याची खोली आहे, पंखा आहे, चहा आहे. ही जागा मीच शोधली. बावीस वर्षे तिथे बसून मी "शेवटचा नळ: क्लोरीन ०.२, पुरेसे" असे लिहीत आलो. सध्याचा तपासनीस माझ्याच हाताखाली तयार झाला. गडी आज्ञाधारक, काय करणार! सूनबाईंना यातले काही ठाऊक नाही. त्या रोज म्हणतात, बाबा, तुम्ही खात्यातले, तुमचे तरी ऐकतील. लाज वाटते हो साहेब.

५. सोमवारी सकाळी, नात यायच्या आधी, तपासनिसाला आमच्या नळावर पाठवावे. चहा मी देईन. येईल तो आकडा त्याने लिहावा. शून्य आले तर शून्य. मला ते एकदाही जमले नाही.

आपला, उशिरा शहाणा झालेला,
(सही)
दिनांक: शुक्रवार, दवाखान्यातून

सोबत: रद्दीतून परत आणलेले माझे शेवटच्या वर्षाचे रजिस्टर. सगळी पाने सारखीच आहेत. एक पाहिले तरी पुरे.