दुसऱ्या नोकरीचा रकाना

आई, परवा एक फॉर्म माझ्यासमोर आला आणि त्यातल्या एका रकान्यापाशी माझं पेन अडलं. मी दिवसा काउंटीच्या सरकारी ऑफिसात काम करते हे तुला माहीत नाही, तू गेल्यानंतरची गोष्ट आहे ती. आता आठवड्यातून दोन संध्याकाळी सरकारी कॉलेजात शिकवायलाही जाणार आहे, त्यासाठी हा फॉर्म. याखेरीज तुम्ही दुसऱ्या कुठल्या सरकारी संस्थेत नोकरी करता का, असल्यास तिचं नाव लिहा, एवढंच त्यात विचारलंय. कॉलेजच्या ऑफिसातली खिडकीतली मुलगी म्हणाली, "टेक युअर टाइम." मी मान डोलावली, फॉर्म बॅगेत टाकला आणि घरी आले. तो आता टेबलावर पडलाय आणि मी त्याच्या शेजारी कागद ओढून तुला लिहायला बसलेय. हा शुद्ध वेडेपणा आहे हे मला कळतं, तरी लिहिते.

दोन हजार एक सालच्या हिवाळ्यात बाबांची नोकरी गेली. ग्रीन कार्ड हातात आलेलं होतं, म्हणून तुला काम करता येणार होतं, एवढाच काय तो दिलासा. तू महिन्याभरात दोन नोकऱ्या मिळवल्यास. सकाळी शाळेच्या लंचरूममध्ये, आणि तीन संध्याकाळी व शनिवारी गावाच्या लायब्ररीत परत आलेली पुस्तकं जागेवर लावायची. दोन्ही अर्धवेळ, दोन्ही सरकारी. फॉर्म भरणं हे माझं खातं होतं, कारण मी सोळा वर्षांची होते आणि माझं अक्षर तुला इथल्या लोकांसारखं वाटायचं. तू ओट्यापाशी उभी राहून मटार सोलते आहेस, मी जेवणाच्या टेबलावर एकेक प्रश्न वाचून दाखवते आहे. हाच प्रश्न आला तेव्हा तुझे हात थांबले. तू हात पुसलेस, हॉलकडचं दार लावून घेतलंस. घरात आपल्याशिवाय फक्त बाबा होते.

"नो लिही," तू म्हणालीस.

"बट आई, यू डू. लायब्ररीचं काय?"

"मी सांगते ते लिही. आणि लायब्ररीच्या फॉर्मवर शाळेचं लिहायचं नाही."

मग तू मला त्या शिपायाची गोष्ट सांगितलीस. लग्नाआधी तू पंचायत समितीत लिपिक होतीस. तिथला एक शिपाई रात्री नगरपालिकेच्या दवाखान्यात राखणदारी करायचा. सरकारी नोकराला दुसरी नोकरी करता येत नाही. कुणीतरी कळवलं, त्याला कारणे दाखवा नोटीस निघाली, मग निलंबन. ते पत्र तूच टाइप केलं होतंस. त्यानंतर कितीतरी दिवस तो डबा घेऊन यायचा, ऑफिसच्या पायरीवर बसून खायचा, डबा बंद करायचा आणि निघून जायचा. कुणाशी एक शब्द बोलायचा नाही. "मला त्या पायरीवर बसायचं नाहीये," तू म्हणालीस. मी दोन्ही फॉर्मवर नो लिहिलं, ठळक, माझ्या चांगल्या अक्षरात.

इथे तो प्रश्न नेमका उलट कारणासाठी विचारतात, आई. एकट्या शाळेचे तास पेन्शनसाठी पुरत नव्हते, एकट्या लायब्ररीचेही नाहीत. दोन्ही मिळून पुरत होते. दुसरी नोकरी सांगितली असती तर त्यांनी दोन्ही पगारांतून थोडं थोडं कापून तुझ्या नावाचं पेन्शनचं खातं उघडलं असतं, त्यात सरकारने आपली भर घातली असती, आणि तुझं काही बरंवाईट झालं असतं तर बाबांना काहीतरी मिळत राहिलं असतं. रकान्याखाली बारीक अक्षरात हे लिहिलेलंही असणार. मी वाचलं नाही. फोन वाजत होता, मैत्रिणीचा असावा.

दोन फॉर्मवरच्या त्या दोन नोंमुळे आपल्या घरात भीती राहायला आली ती गेलीच नाही. गाडीच्या मागच्या सीटवर लायब्ररीचा मरून रंगाचा स्वेटर असायचा. शाळेतून निघालीस की सिग्नलला थांबल्यावर तू तो अंगात घालायचीस आणि शाळेचा बिल्ला काढून पर्सच्या आतल्या कप्प्यात टाकायचीस. एकदा शाळेची नर्स आपल्या मुलाला घेऊन लायब्ररीत आली, तर तू ती जाईपर्यंत मागच्या खोलीत खोकी आवरत बसलीस. मराठी मंडळाच्या दिवाळीच्या कार्यक्रमात एका काकूंनी मला सहज विचारलं, "आई हल्ली दिसत नाही गं, कुठे असते?" मी दोन्ही नावं सांगून टाकली. गाडीत बसल्यावर तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "जीभ आवरायला शीक. तुझ्या एका वाक्याने घर बसेल." मला तुझा राग आला होता. चोरी न करता चोरासारखं का वागायचं ते मला कळत नव्हतं. आणि तरीही कुणी अनोळखी माणूस दाराशी आला की मीही आधी पडद्याआडून बघायला लागले होते. लायब्ररीने पाच वर्षं झाली म्हणून तुला छोटी पितळी पिन दिली, उघड्या पुस्तकाच्या आकाराची. इतकी आवडली होती तुला. पण शाळेत चुकून लावून जाईन म्हणून तू ती कधी लावलीच नाहीस. आता ती माझ्याकडे आहे. मीही लावत नाही.

पत्र आलं तेव्हा मी पिस्कॅटवेला कॉलेजात शिकत होते आणि दर शनिवारी धुण्याची बॅग घेऊन घरी यायचे. तू फोनवर फक्त म्हणालीस, "येशील तेव्हा एक कागद वाच." आवाजावरून मला वाटलं बाबांच्या तब्येतीचं काही असेल. मी आले तेव्हा बाबा बाहेर गेले होते. तू फ्रीजवरच्या मराठी कॅलेंडरच्या मागून लिफाफा काढलास, त्यावर राज्याचा शिक्का होता. पाच दिवस तू तो फोडून, घडी करून, परत परत उघडून पाहिला होतास, घड्या मऊ पडल्या होत्या. इंग्रजी तुला येत होतं, पण सरकारी पत्र म्हटलं की तुला पहिल्या ओळीपलीकडे दिसायचंच नाही. मी उभ्याउभ्याच वाचलं. आमच्या नोंदीनुसार आपल्या क्रमांकावर दोन सरकारी नोकऱ्या आढळतात. आपण फॉर्मवर दिलेलं उत्तर याच्याशी जुळत नाही. साठ दिवसांत संपर्क साधावा.

"काय म्हणतायत?"

"दे फाउंड आउट, आई. त्यांना कळलंय."

तू खुर्चीत बसलीस. "कारणे दाखवाच आहे ना?"

खरं सांगते, माझंही धाबं दणाणलं होतं. ते नो माझ्या अक्षरात होतं. व्हिसाच्या रांगेत वाढलेली मुलगी मी, खोटी माहिती या शब्दाचा अर्थ मला फार लहानपणी कळला होता. माझी नागरिकत्वाची मुलाखत तोंडावर आली होती आणि मला एवढंच दिसलं की हे प्रकरण वाढलं तर कुणीतरी विचारेल, हे कुणी भरलं? मी म्हणाले, "डोन्ट आन्सर. लायब्ररी सोडून दे, म्हणजे प्रश्नच मिटेल. उगीच कशाला उकरायचं?" तू पत्राची पुन्हा घडी घातलीस. मग म्हणालीस, "तू म्हणतेस तर तसं." पुढच्या आठवड्यात तू लायब्ररीचा राजीनामा दिलास. तिथल्या मोठ्या बाईंनी कारण विचारलं तर गुडघे दुखतात म्हणून सांगितलंस.

राजीनाम्यानंतर एका शुक्रवारी दुपारी मी बसने एक दिवस लवकर आले आणि लायब्ररीवरून चालत येत होते. पार्किंगमध्ये आपली गाडी उभी. तू आत बसून डबा खात होतीस, शाळा सुटल्यावरचा, नेहमीच्या वेळेचा. दाराकडे बघत होतीस. खाऊन झालं, तू डबा बंद केलास आणि गाडी सुरू केलीस. मी झाडामागे उभी राहिले. हाक मारली नाही.

त्यानंतर वर्षही धड गेलं नाही आणि तू आजारी पडलीस. दवाखान्यात तू दोनदा विचारलंस, "शाळेतून कुणी आलं होतं का? काही विचारत होतं?" लंचरूममधली तुझी सोबतीण फुलं घेऊन आली तेव्हा तू भिंतीकडे तोंड करून झोपल्याचं सोंग केलंस. तिला वाटलं औषधांची गुंगी आहे. ती फुलं ठेवून, तुझ्या पायाला हात लावून गेली. दाराशी मला म्हणाली, "शी वॉज सो प्रायव्हेट, युअर मॉम." तू अजून होतीस, आणि ती वॉज म्हणाली.

तेराव्यानंतर आम्ही तुझा कागदांचा स्टीलचा डबा उघडला. ते पत्र बाबांच्याच हाती आलं. त्यांनी चष्मा लावला, वाचलं, आणि मग ते केलं जे मी केलं नव्हतं. त्यांनी कागद उलटला. पाठीमागे छापलं होतं की दोन्ही नोकऱ्या एकत्र धरल्यास आपण पेन्शन योजनेच्या सभासद होण्यास पात्र आहात, मागची वर्षंही धरता येतील, सोबत जोडीदाराचं नाव कळवावं. चुकीचं उत्तर ही नेहमीची गोष्ट आहे, काळजी नसावी, असंही होतं. बाबांनी ते मोठ्याने वाचलं. नंतर पुन्हा पहिल्यापासून वाचलं. 

"हे तिने कुणालाच दाखवलं नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणाले, "नाही."

बाबा आता सत्तरीच्या पुढे आहेत. औषधांच्या दुकानात काउंटरवर उभे असतात, आठवड्याचे चार दिवस. पाय सुजतात. मी पैसे देऊ केले की म्हणतात, अजून हातपाय चालतायत. दर रविवारी माझ्याकडे जेवायला येतात आणि तुझा विषय निघाला की एकदा तरी म्हणतात, "तुझ्या आईचा स्वभावच तसा. सगळं पोटात ठेवायची. एकदा, एकदा तरी कुणाला दाखवायला हवं होतं." ते रागाने म्हणत नाहीत, पण इतकी वर्षं झाली तरी म्हणतातच. आणि मी त्यांना आमटी वाढता वाढता म्हणते, "हो ना."

तो फॉर्म मी भरला, आई. रकान्यात काउंटीचं नाव लिहिलं, उद्या देऊन येईन. हे पत्र तुझ्यापर्यंत पोचायचं नाही हे मला माहीतच होतं. पण ते ज्यांच्या हातात देता येईल ते बाबा रविवारी बाराला माझ्या दारात उभे असतील, आणि मी त्यांनाही ते देणार नाहीये.