काळ्याच्या जागी हिरवी

४ नोव्हेंबर, मंगळवार
सापडली! मदरशाच्या अंगणात, हौदाच्या डावीकडची भिंत, खालून तिसरी रंगीत तुकड्यांची चांदणी. सोळा टोकांची. तिच्यात झिलईच्या फरशीची एक टिकली हिरवी — तिथे काळी हवी. तीनदा ताडून पाहिलं. उस्ताद लार्बींनी मार्चात नव्याने बसवलेला भिंतीचा भाग हाच. अख्ख्या फेस शहरात असा हात नाही म्हणे!

मी एकवीस वर्षं लोकांच्या घरांतले हौद मढवतोय, कुणाची शागिर्दी न करता. पण मदरशाच्या भिंतीला उस्ताद मला हात लावू देत नाहीत. मागच्या महिन्यात विचारलं, तर सगळ्या कारागिरांसमोर म्हणाले, "हम्मादी, भिंत बघून शिकलेल्यानं भिंत बघत बसावं."

बघतोच आहे.

५ नोव्हेंबर
पुन्हा गेलो. वाटाड्या पाहुण्यांना सांगत होता, चांदणी बारा टोकांची. मी मागून म्हटलं, सोळा. बिचाऱ्याने सगळ्यांदेखत मोजली!

६ नोव्हेंबर
तामूला सांगितलं. माझी बायको असून उस्तादांची बाजू घेते! टिकल्या पालथ्या मांडायच्या, पाठ सगळ्यांची मातकट, मग चुकेल एखादी, म्हणे. का चुकेल? उचलताना रंग दिसतोच की. डोळे असले म्हणजे झालं.

उद्या नमाजानंतर सगळे कारागीर उस्तादांकडे कुसकुस खायला जमतील. तिथेच फोडणार. वाक्य तयार आहे. आरशासमोर दोनदा म्हटलं. तामू हसली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
वाक्य घशातच राहिलं. उस्तादांनी मला दारातच गाठून बाजूला नेलं. वाटाड्याने चुगली केली असणार — तिसऱ्या चांदणीपाशी कोण ठाण मांडून बसतं ते.

"दिसली?"

"दिसली."

"मुद्दाम ठेवली होती. कुणाला दिसते ते बघायला. आठ महिन्यांत तू पहिला. उद्यापासून मदरशात ये. माझ्या उजव्या हाताला बस, टिकल्या तू द्यायच्या."

मुद्दाम! काय पण थाप! तरी कुसकुस दोनदा घेतला. वाक्य मात्र फुकट गेलं — चांगलं झालं होतं.

८ नोव्हेंबर
पहिला दिवस. मी टिकल्यांच्या टोपल्या रंगवार लावत होतो, तोवर उस्तादांनी हिरव्यांतली एक टिकली स्वतःच उचलली. उजेडाकडे धरून बराच वेळ बघितली. मग इतरांना ऐकू जाणार नाही असं विचारलं, "काळीच ना ही?"

"काळीच, उस्ताद," म्हणालो. ती काढून घेतली, आणि त्यांच्या हातात काळी ठेवली.