पाटी आणि शिट्टी

प्रिय अधीक्षकसाहेब, आणि त्यांच्या आत कुठेतरी दडून बसलेल्या माझ्या लेका,

तुझं कार्यालयीन पत्र पोचलं. मला ‘अर्जदार महोदया’ म्हणणारा जगात तू पहिलाच. दर रविवारी ज्यांच्या हातचं दोनदा वाढून घेतोस, त्याच या महोदया बरं का! बाबांची राख त्यांच्याच बागेत घालू दे म्हणून अर्ज केला, तर उत्तर काय, ‘सार्वजनिक उद्यानात मृताची राख टाकण्यास परवानगी देता येत नाही’, खाली तुझी सही, सहीवर शिक्का. वाचून आधी हसू आलं, मग डोळे भरून आले, मग उठून चहा केला. रागावले नाही रे. नियम बाबांचाच आहे, आणि बापाचा नियम मोडला तर तुला झोप लागायची नाही, हे मला ठाऊक आहे.

पण तो नियम तुला अर्धाच माहीत आहे. बाबा तेव्हा तुझ्या याच बागेत नवे नवे मुख्य माळी झाले होते. कोणीतरी गुपचूप येऊन आपल्या माणसाची राख गुलाबांच्या मुळाशी डबाभर ओतून गेलं. एवढी राख एके जागी मातीला सोसत नाही, खारट असते; सगळा वाफा पिवळा पडला. बाबांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं. ‘येथे राख टाकू नये’ अशी पाटी स्वतःच्या हातानं रंगवली आणि गळ्यात शिट्टी अडकवली. लोक शिट्टीमास्तर म्हणायला लागले ते तेव्हापासून. तुला आठवते ती पाटी आणि शिट्टी, आणि दोन्ही तू जिवापाड सांभाळतोस.

पुढचं एकट्या मला माहीत आहे. एक म्हातारे गृहस्थ बायकोची राख पिशवीत घेऊन त्या पाटीसमोर नुसतेच उभे होते. बाबांनी शिट्टी ओठांत धरली, पण ती काही वाजेना. मग ते त्यांना मागच्या पालापाचोळ्याच्या खड्ड्याकडे घेऊन गेले, थोडी थोडी करत राख भरपूर कुजलेल्या पाल्यात कालवली, आणि काही महिने मुरल्यावर ते खत दोघांनी मिळून वाफ्यात पसरलं. त्यानंतर असे कितीतरी जण आले. मी एकदा म्हटलं, मग ती पाटी तरी काढून टाका की! तर म्हणाले, अगं, पाटी नसती तर लोक ओतून निघून गेले असते, पाटी आहे म्हणून विचारायला थांबतात.

म्हणून मीही आधी विचारलं. नगरपालिकेच्या खिडकीवर एक चुणचुणीत कारकून होता. तो म्हणाला, घरच्या अंगणात टाकायची तर कुणाला विचारायला नको, सार्वजनिक बागेत टाकायची तर बागेच्या साहेबांना विचारा. साहेब माझाच मुलगा आहे म्हटल्यावर तो बिचारा खूश झाला, मग काय आजी, घरचंच काम! घरचं काम सगळ्यात अवघड असतं, हे त्याला अजून कळायचंय.

बाकी इकडे ठीक. गुडघा कुरकुरतो, पण चालतो. तुझ्या लेकीनं तिचा पडलेला दात माझ्याकडे जपायला दिलाय, कारण तू टाकून देशील म्हणते. तुझी ख्याती कुठवर पोचली आहे बघ. आणि एक मी बघतेय. पूर्वी तू जेवायला खिडकीला पाठ करून बसायचास. आता फ्रिजला पाठ करून बसतोस, कारण फ्रिजवर बाबांच्या राखेचा डबा आहे. बाबा गेल्यापासून ‘बाबा’ हा शब्द तुझ्या तोंडून मी ऐकलेला नाही. पत्रात मात्र ‘माजी मुख्य माळी’ दोनदा आलेत. परवानगी द्यायची म्हणजे ते गेले यावर सही करायची. तुझा हात कुठे अडला ते आईला कळतं रे.

तर आता ऐक, आणि खुर्चीवर बसून ऐक. तो डबा हिवाळ्यापासून रिकामा आहे. एकदा जरी मान वळवून उचलून पाहिला असतास तर तुला कळलं असतं. अर्ज टाकला त्याच दिवशी मी गॅलरीतल्या मोठ्या कुंडीत बाबांच्या पद्धतीनं पाला आणि राख कालवून ठेवली होती. तुझ्या कार्यालयाचं उत्तर यायला इतका उशीर झाला की तोवर खत मुरलंसुद्धा. मग रोज संध्याकाळी फिरायला जाताना थोडं थोडं पिशवीतून नेलं आणि भिंतीकडच्या वाफ्यात, त्यांच्या आवडत्या पिवळ्या गुलाबांना घातलं. तुझ्या रखवालदारानं एकदा माझ्यावर शिट्टी वाजवली, पण ती गवतावर पाय दिला म्हणून. या वर्षी त्या वाफ्यात चुना घालू देऊ नकोस, राखेत तो गुण असतोच, आणि पाणी जरा सढळ हातानं घालायला सांग. परवानगीसाठी हे लिहीत नाहीये. कुंडीत एक ओंजळ शिल्लक आहे, ती माझी नाही, तुझी आहे. मंगळवारी बाग बंद असते आणि किल्ली तुझ्याकडेच आहे. मला घ्यायला ये. बाबांची खुरपी आण आणि शिट्टी घरी ठेव.

तुझीच,
विनापरवाना आई